गेटवर ठेवा

अण्णा,

लॅपटॉप तुमच्या स्टँडवर ठेवलाय आणि मान दुखत नाही. हे आधी सांगते, कारण तुम्ही तेच आधी विचारलं असतं. शनिवारची दुपार आहे. वाकडचा हा फ्लॅट तसाच आहे, फक्त समोर आणखी दोन टॉवर उभे राहिलेत, त्यामुळे बाल्कनीतून तुम्हाला दिसायचा तो डोंगराचा तुकडा आता दिसत नाही. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. मधे लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण लिहायला बसलं की गाडी त्या एका शुक्रवारपाशी अडायची, आणि मग मला नेमके कपडे वाळत घालायचे आठवायचे. काल आमच्या गेटवरचा गार्ड नोकरी सोडून लातूरकडे गावी निघाला, म्हणून निरोप घ्यायला वर आला होता. त्याने त्या शुक्रवारची एक गोष्ट सांगितली. आता कपड्यांचं निमित्त चालणार नाही.

स्टँडची सुरुवात आठवते? तुम्ही आणि आई दिघीहून दोन दिवस राहायला आला होतात. मी जाडजूड पुस्तकांवर लॅपटॉप ठेवून दिवसभर काम करत होते आणि मधून मधून मान चोळत होते. तुम्ही सोफ्यावर बसून हे बघत होतात. मग उठलात आणि खिशातून तो छोटा स्टीलचा टेप काढलात. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी टेप काही खिशातून निघाला नव्हता. लॅपटॉप मोजलात, टेबल मोजलंत, खुर्चीपासून माझ्या डोळ्यांपर्यंतची उंचीसुद्धा मोजलीत आणि बसच्या तिकिटामागे लिहून ठेवलीत. मी हसले. म्हटलं, अण्णा, ऑनलाइन मागवला तर उद्या दारात येईल. तुम्ही म्हणालात, "येईल की. पण तो तुझ्या मापाचा नसंल." तीस वर्षं भोसरीच्या कंपनीत टूलरूमला सुटे भाग घडवत काढलेल्या माणसाशी मापावरून वाद कोण घालणार?

आणि मग तो शुक्रवार. मी घरून काम करतेय. परदेशातल्या क्लायंटला डेमो चालू आहे, दोन महिन्यांची मेहनत आहे, मॅनेजर ऐकतोय, कॅमेरा सुरू आहे आणि बोलतेय मी. फोन थरथरतो. आमच्या सोसायटीत गेटवर कुणी आलं की गार्ड त्याचा फोटो काढून ॲपवर पाठवतो आणि आमच्या फोनवर तीन बटणं येतात. आत सोडा, परत पाठवा, गेटवर ठेवा. तिसरं पार्सलसाठी असतं. आलेल्या माणसापुढे 'डिलिव्हरी' असं लिहिलं होतं. मी तिसरं बटण दाबलं आणि बोलत राहिले. डेमो छान झाला. खाली गेले तेव्हा गार्डने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं एक जड पुडकं माझ्या हातात दिलं. गाठ बघितली आणि कळलं. अशी गाठ तुमच्याशिवाय कुणी मारत नाही. तुम्ही हाताने घडवलेल्या त्या लोखंडी स्टँडचं ओझं घेऊन दिघीहून दोन बस बदलून आला होतात आणि घोटभर पाणीही न पिता तसेच परत गेला होतात.

संध्याकाळी मी फोन केला. घाईघाईने सगळं सांगून टाकलं, की ॲपवर डिलिव्हरी असं आलं, मी फोटो बघितलाच नाही, दिवसभरात इतकी पार्सलं येतात की न बघताच बटण दाबते. शेवटी म्हणालात, "असू दे की. चालू काम मधीच सोडायचं नसतं." आणि मग, "मान कशी हाय?"

मला तुमच्या कंपनीचं गेट आठवतं. मी तिसरी-चौथीत असेन. तुम्ही डबा विसरला होतात म्हणून आई मला घेऊन आली होती. वॉचमनने आत चिठ्ठी पाठवली आणि तुम्ही हात पुसत पुसत बाहेर आलात, बोटांना तेलाचा वास. रस्त्याच्या कडेला गुलमोहराखाली बसून तुम्ही मला तुमच्यातली अर्धी भाकरी भरवलीत. सुपरवायझर गेटपर्यंत येऊन काय चाललंय म्हणून विचारू लागले, तर तुम्ही बसल्या जागेवरून सांगितलंत, "पोरगी आलीय साहेब. पाच मिनिटं." कुणी बडा पाहुणा आल्यासारखं सांगितलंत. त्या दिवशी मला किती भाव चढला होता म्हणून सांगू.

बोलणीही आठवतात. आठवीत प्रगतिपुस्तकावर तुमची सही मीच ठोकून दिली होती. तुम्ही हात उगारला नाहीत. समोर बसवलंत आणि सांगितलंत, की बिघडलेला जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, कंपनीत लाल पेटीत टाकतात, आणि ज्याने बिघडवला त्यानेच स्वतःच्या हाताने टाकायचा असतो. "चुकलेला जॉब गुपचूप चांगल्यात सरकवला, की मग चांगल्यावरचाबी भरवसा उडतो." त्यानंतर आठवडाभर तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोललात. मार परवडला असता.

स्टँडचं मी काय केलं तेही लिहायला हवं. मशीनला मारतात तो हिरवा रंग तुम्ही त्याला दिला होता. माझ्या पांढऱ्या टेबलावर तो मला बरा दिसेना. पंधरा दिवसांत तो बाल्कनीत गेला आणि त्यावर कढीपत्त्याची कुंडी आली. दिवाळीला तुम्ही आलात, पाहिलंत. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तुम्ही खाली वाकून एवढंच म्हणालात, की पाणी लागून गंजेल, याला रबर लावायला हवं. पुढच्या खेपेला खिशातून चार रबरी बूच काढलेत, कुंडी उचलून बाजूला ठेवलीत, बूच बसवलेत आणि कुंडी परत जागेवर ठेवलीत.

चार महिन्यांनी तुम्ही गेलात. तेरावा झाल्यावर मी वाकडला परत आले आणि पहिल्यांदा तो स्टँड घासून धुतला. तुम्ही जॉब तपासताना करायचात तसं अंगठ्याचं नख सगळ्या कडांवरून फिरवलं. कुठेही अडलं नाही. जिथे कुणाचा हात कधी जाणार नाही, त्या खालच्या बाजूलासुद्धा तुम्ही कानस मारली होती.

काल गार्डला चहा दिला. टेबलाकडे बघून तो म्हणाला, तुमच्या वडिलांनी त्या पुडक्यातून आणलेलं ते हेच ना? मग आपणहून सांगत बसला. त्या दिवशी तुम्हाला तो ओळखत नव्हता. हातातलं पुडकं बघून त्याने विचारलं, डिलिव्हरी का, तर तुम्ही म्हणालात, व्हय, द्यायचंच हाय. त्याने फोटो काढून पाठवला. माझं उत्तर आलं, तसं त्याने तुम्हाला सामान ठेवून जायला सांगितलं.

"काका म्हणले, तिला फोटो दिसतो का? मी म्हणलं, दिसतो की, चांगला मोठा दिसतो. मग म्हणले, बरं, कामात असंल. आणि गाठ पुन्हा आवळून माझ्याकडं दिली."

म्हणजे संध्याकाळी मी फोनवर थाप मारत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि मान कशी आहे ते विचारलंत. आठवीतल्यासारखं आठवडाभर अबोला धरला असतात तर मी आज निदान मोकळी असते, अण्णा.

हे पत्र कुठे टाकणार, आणि आईलाही वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. पण जॉब ज्याने बिघडवला त्यानेच टाकायचा, म्हणून लिहिते. त्या डेमोत कॅमेरा सुरू होता. तुम्ही वर आला असतात तर माझ्या पाठीमागे ते पुडकं घेऊन उभे राहिला असतात, मोठ्याने काहीतरी विचारलं असतंत, आणि ते सगळ्यांना दिसलं असतं. एवढंच माझ्या मनात आलं. फोटो मी पाहिला होता. टोपी काढून हातात धरली होतीत आणि कधी नव्हे ते फोटोत हसत होतात. ते पाहून मग मी बटण दाबलं.