रिकाम्या घराचा पहारा

३ मार्च, गुरुवार
दारावर कागद चिकटवून गेले. बँकेनं घराचा ताबा घेतला म्हणं! मी आत बसलोय की — ताबा कसा घेतला? बँकेचा साहेब हसला. "बाबा, हा कागदावरचा ताबा. खरा नंतर." मग आजचा काय खोटा?
माझ्या पोरानं, श्रीधरनं, वाळूजच्या कारखान्यापायी घर गहाण टाकलं. कारखाना बुडाला. पोरगं बायकालेकरं घेऊन पुण्याला. "नाना, चला आमच्यासंगं." दोन खोल्यांत ते चौघं, मी काय गॅलरीत? पुंडलिकनगरचं हे घर मी उभं राहून बांधलंय. हलणार नाय. बास.

९ मार्च
किंमत ठरवायला माणूस आला. टेपनं मोजलं, मोबाईलवर फोटो काढले. मी बाजेवर. "बाबा, जरा सरका." सरकलो. "अजून." सरकत सरकत अंगणात आलो!

२१ मार्च
पेपरात लिलावाची जाहिरात. अक्षर बारीक, शेजारच्या भानुमतीनं वाचली. "काका, घर रिकामं आहे असं छापलंय."
"मग मी कोण? भाडेकरू उंदीर?"
ती हसली नाय.

२२ मार्च
चहा केला. दोन कप पिलो. रिकामं म्हणं!

२ एप्रिल
घर बघायला लोक येतात. चपला घालूनच आत. मला कुणी विचारत नाय. आज एक बाई सयपाकघरात थबकली. मी हातभर लांब, कांदा चिरत होतो. तिनं नवऱ्याचा दंड धरला. "अहो, इथं कुणीतरी आहे असं वाटतंय." माझ्याकडंच बघत होती! नवरा म्हणला, "बंद घरात वाटतं तसं."
गेले. मी खोकून बघितलं. आवाज आला. हाये म्हणजे.

११ एप्रिल
कुणी आलं की बाज उभी करतो, भांडं उचलतो, भिंतीला लागून उभा राहतो. पाय वाजू देत नाय. कुणी सांगितलं नाय, आपोआप होतंय. संध्याकाळी भानुमतीला हाक मारली तर केवढ्यानं दचकली! "काका! मला वाटलं पुण्याला गेले."
"सकाळीच बोललो की आपण."
"व्हय का?" म्हणली, अन् दार लावून घेतलं.

२८ एप्रिल
खरा ताबा झाला. तहसीलचे साहेब, पोलीस, बँकवाले. खोल्या फिरले. "आत कोणी नाही." मी पिशवी घेऊन त्यांच्यामधूनच बाहेर आलो. कुलूप, वर लाखेचं सील. भांडायचं ठरवलं होतं — तोंडच उघडलं नाय. आता जायचं कुठं? मुकुंदवाडी स्टेशनचा बाकडा डोळ्यापुढं आला.
तेवढ्यात फकिरा दिसला. बँकेला वॉचमन पुरवतो तो. "चाचा, इथलेच का? लिलाव होईपर्यंत घराला माणूस पायजे."
"इथलाच."
"घरवाल्यांना ओळखता?"
"नाय," म्हणलं. सरळ तोंडातून आलं!
"बढिया. उनको अंदर मत आने देना."
खाकी शर्ट दिला, काठी दिली. व्हरांड्यात झोपायची परवानगी. राहिलो की नाय इथंच?

५ मे
शर्ट घातला की लोक रामराम करतात. आंघोळीला काढला तेव्हा भानुमती माझ्या अंगावरूनच पाणी फेकून गेली. आता झोपतो पण घालूनच.

९ मे
आत काय काय होतं, आठवायला बसलो. बाज आठवली. पुढं नाय.

१४ मे
दुपारी फाटकापाशी एक माणूस. आत जायचं म्हणं, आईचा फोटो राहिलाय. काठी आडवी धरली. "बँकेचं घर हाये. साहेबाचा कागद आणा." तो तिथंच रडायला लागला. "नाना, अहो नाना —"
मागं वळून बघितलं, कुणाला हाक मारतोय ते.