म्याडमचा तवा

२ जून, सोमवार
सु. आज अकोल्याच्या शाखेत रुजू झाली. खोलीत शेगडीला मनाई. तिला गहू वर्ज्य. आतडी सोलवटतात, डॉक्टरांचे शब्द. नऊ वर्षे तिची भाकर मीच थापतो. बायकोचे जेवण परक्याच्या हाती द्यायचे म्हणजे…

७ जून, शनिवार
सकाळीच अमरावतीहून अकोला. सु. बँकेत. मी हॉटेले शोधत फिरलो. सात झाली. एक जण म्हणाला, "गहू नाही चालत? मंग मैद्याची रोटी देतो ना!" एकीकडे ज्वारीची भाकर मिळते, पण थापतात कणकेच्या पिठीवर. वहीत लिहावे असे एकही नाव नाही.
संध्याकाळी सु. : "अरे, मी रोज जेवते की. गजाननभाऊंच्या खानावळीत."
मला सांगितले नव्हते.

८ जून, रविवार
तिच्याबरोबर तिथे. सहा टेबले. गजाननभाऊ पन्नाशीचे, तळवे रुंद. खुंटीला वेगळा तवा, वर भिंतीवर खडूने 'म्याडम'. पिठी कशाची? पळी कोणती? मी विचारत गेलो.
"सर, तुमी काहून टेन्शन घेऊन राह्यले? म्याडमनं पहिल्याच दिवशी माही शाळा घेतली."
सु. मोठ्याने हसली. दुसरी भाकर मागून घेतली. घरी एकच खाते.

१४ जून, शनिवार
बँकेला सुट्टी. तरी आली नाही. फोनवर : "इथं पोट दुखत नाही रे. एकदाही नाही."
घरी अधूनमधून दुखायचे. दगदग, असे मी म्हणायचो.

१५ जून, रविवार
तिला न कळवता अकोला. ती यायच्या आधी खानावळीत.
"वरणात काय घालता?"
"जिरं, लसूण. हिंग नाही. डबीच्या हिंगात गव्हाचं पीठ राह्यते ना."
"तिला सांगितलंत?"
"म्याडमले काय सांगाचं? तुमी घरी पाहतच असान."
न जेवता परत.

१६ जून, सोमवार
आपली डबी. मागे, बारीक अक्षरात : गव्हाचे पीठ.
नऊ वर्षे. रोज चिमूटभर. तिला आवडते म्हणून.

२० जून, शुक्रवार
सु.चा फोन. उद्या संध्याकाळी येते. "वरण कर. तुझ्यासारखं गजाननभाऊंना जमत नाही."
किती दिवस हेच ऐकायचे होते.
डबी ओट्यावरच आहे. हिंग नसले तर पहिल्याच घासाला विचारेल, आज काय राहिलं.