वसंतानं आणलेला नळ

बुध. २ जाने. ५२, घाटकोपर

सुशीला, काल आपण कुठं थांबलो होतो? बघ, आठवत नाही. वही तुझी, अक्षर तुझं, आणि आठवायचं मी. पुढे ही वही उघडशील आणि विचारशील, ही सांगणारी म्हातारी कोण? तर लिहून ठेव: तुझी सासू. वसंताची आई.

उद्या मतदान. आपण आधी राहायचो त्या जुन्या गल्लीत आठवडाभर हिंडले, वसंतानंच धाडलं. बायकांना समजवायचं: पडद्यामागं दोन पेट्या. एकीवर कंदील, एकीवर छत्री. कागद कंदिलात टाका. कंदील म्हणजे वसंताच्या पार्टीचे वखारवाले शेठ. छत्री म्हणजे गल्लीतल्या राधाक्काचा लेक नारायण. मिसरूड फुटल्यापासून वसंतासाठी भिंती रंगवल्या त्यानं. तिकीट त्यालाच द्यायचं बोलणं होतं. आता पार्टीशिवाय एकटाच उभा आहे.

विचारलं, नारायण का नाही रे? "आई, नारायण निवडून येईल, पण मग माझं ऐकणार नाही. शेठ ऐकतील."

हा स्वतः कधी उभा राहत नाही. कोणाला उभं करायचं ते ठरवतो.

गुरु. ३ जाने.

माझं नाव अजून जुन्या खोलीवर, म्हणून मत गल्लीबरोबर. पडद्यामागं गेले, बाहेर आले. बोटाची शाई राखेनं घासली तरी जाईना. बाकी काही लिहू नको.

मंगळ. ८ जाने.

शेठ आले निवडून. दारात गाड्या, हार. शाळेशाळेच्या पेट्या वेगळ्या मोजतात म्हणे. आमच्या गल्लीच्या शाळेत छत्रीची पेटी भरून निघाली. वसंत मात्र म्हणाला, "गल्लीनं मला तोंडघशी पाडलं." जिंकून रुसलेला माणूस पहिल्यांदा पाहिला.

सोम. १४ जाने. संक्रांत

तिळगूळ घेऊन गल्लीत गेले. दारं उघडी, बायका नाहीत. नळ कोरडा. सगळ्या रुळांपलीकडच्या विहिरीवर.

हा नळ वसंतानंच आणलेला. पहिलं पाणी आलं तेव्हा राधाक्कानं त्याला भर रस्त्यात ओवाळलं होतं. तेव्हापासून लोक त्याला भाऊ म्हणायला लागले, तिथूनच तो मोठा झाला.

जेवताना विचारलं. म्हणाला, पाईप बिघडलाय. भिंतीकडं बघून म्हणाला. पाईप नाही बिघडला. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्यानं राधाक्काला सांगितलंय, भाऊंचा हुकूम आहे.

बुध. १६ जाने.

आज सांगून टाकलं. वसंता, त्या गल्लीत मीही आले. मी छत्रीत टाकलं.

हसला. "चुकून टाकलंस. तुला वाचता कुठं येतं?"

"छत्री वाचावी लागत नाही रे."

मग हसू गेलं. दार लावून घेतलं. "बाहेर बोलू नकोस. सख्खी आई फुटली म्हणतील."

"नळ सोड, नाही बोलत."

"एका गल्लीला माफ केलं की उद्या दहा गल्ल्या डोक्यावर बसतील."

माझ्याच पोटचा. सुशीला, रडतेस कशाला, शाई पसरते.

शुक्र. १८ जाने.

जुन्या खोलीत राहायला आले. निघताना नातवंडं जिन्यात उभी. वसंत खिडकीत पाठ करून. सुशीला दुपारी डबा घेऊन येते, लिहून जाते. मला वाटलं, आईची घागर कोरडी बघून तरी...

सोम. २१ जाने.

सकाळी दारात दोन हंडे, काठोकाठ. वसंताचा माणूस म्हणाला, "भाऊंनी फक्त तुमच्यापुरतं सांगितलंय, आजी." सगळी गल्ली बघत होती.

एक हंडा ओढत राधाक्काकडं नेला. तिच्या सुनेचे दिवस भरलेत, तरी विहिरीवर जाते. राधाक्कानं हात लावला नाही. "काशे, ने परत. तुला तुझा लेक आहे." अख्खा जन्म एकमेकींच्या डोक्याला तेल लावलं आम्ही. इतक्या हळू आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. शिव्या घातल्या असत्या तर जेवले असते.

रवि. २७ जाने.

हंडे रोज येतात, रोज परत धाडते. मीही विहिरीवर जाते. कळशी अर्धीच झेपते. वाटेत कोणी बोलत नाही, पण माझ्यासाठी चाल हळू करतात. राधाक्कासुद्धा.

परवा कोपऱ्यावर गाडी थांबली होती. काच खाली झाली नाही. वसंताची नसेलही.

रवि. ३ फेब्रु.

सुशीला सांगते, तो ताट बाजूला सरकवतो आणि विचारतो, आईनं काय खाल्लं. खरं असेल, नाहीतर माझ्यासाठी रचलं असेल. दोन्हीला माझी ना नाही.

नळ अजून कोरडा. सुशीला, त्याला सांग, लेकाच्या घरचं अन्न मला सोडवत नाही. त्याच्या नळाचं पाणी तेवढं चालणार नाही. तेव्हा उद्यापासून भाजी नको, आमटी नको. दशम्या पाठव. पीठ दुधात मळ, पाण्याचा थेंब लावू नको. आणि मळशील ते त्याच्या डोळ्यांसमोर.