एकाच माणसापुरतं

४ मार्च, मंगळवार

किल्ली देणार नाही. बोलून बसले आहे, आता माघार नाही.

जेवताना बाबांनी विषय काढला. आत्याचं घर ती गेल्यापासून कुलूपबंद आहे, इथे आपण पाचजण एकमेकांच्या पायात येतो, तर दादा-वहिनीने तिकडे राहायला जावं. दादा लगेच म्हणाला, आम्ही तयार आहोत. ‘आम्ही’ म्हणताना त्याने वहिनीकडे मान वळवूनही पाहिलं नाही. आईने विचारलं, हिला कामावर जायला लांब पडेल का रे? "तिला चालेल," दादा म्हणाला. वहिनी ताटातलं चिवडत होती. गप्प – म्हणजे त्याच्याच बाजूची.

घर आत्याने माझ्या नावावर केलंय. बाबांच्या नाही, दादाच्या नाही. एक खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, उभं राहण्यापुरती बाल्कनी. तेवढंच, पण माझं. दादा एकदा आत शिरला की शिरला. सख्ख्या भावाला कोण बाहेर काढणार? मग ते माझं फक्त कागदावर.

म्हणून म्हणाले, मी ते भाड्याने देणार आहे. दादाला हसू आवरेना. त्या खुराड्यात कोण येणार म्हणे! मी म्हटलं, महिनाअखेरपर्यंत भाडेकरू आणते. नाही आणला तर किल्ली तुमच्या हातात.

"बोललीस ना?" बाबा म्हणाले. "झालं तर मग."

५ मार्च, बुधवार

ऑफिस सुटल्यावर घराचं माप घेतलं. एकही कोपरा काटकोनात नाही. खिडकीकडची भिंत आत कललेली आहे. आत्या इतकी वर्षं या वाकड्या घरात सरळ राहिली.

जुना सोफा, पाय मोडकं टेबल, फुगलेलं कपाट – सगळं काढायचं. आई फोनवर म्हणाली, आठवण म्हणून काहीतरी ठेव. आठवणीला जागा लागत नाही, सोफ्याला लागते, असं म्हटलं. तिने फोन ठेवून दिला.

८ मार्च, शनिवार

सुतार आला. मी मिलिमीटरमध्ये काढलेला नकाशा त्याने उलटसुलट करून पाहिला. "ताई, घर करताय का घड्याळ?"

खिडकीखाली पलंग, त्याच्या पोटात खण. भिंतीला मिटणारं टेबल. त्याच्यावर फळी, दिवा, बटण – बसल्या जागेवरून हात पोचेल असं. दाराशी खुंटी, आरसा, चपलांचा कप्पा. एक सेंटिमीटरही वाया नाही.

मी ऑफिसात मोठ्या यंत्रांची पॅनेलं आखते. चालक कुठे बसेल, त्याचा हात कुठवर जाईल, मान किती वळेल, त्यावरून सगळं ठरतं. हे त्याहून सोपं. इथे निदान कुणाची बोटं तुटणार नाहीत.

११ मार्च, मंगळवार

सुताराने टेबलाच्या बिजागऱ्या उलट्या बसवल्या. टेबल खिडकीऐवजी दाराकडे उघडतं. म्हणाला, एवढ्यातेवढ्यासाठी काढायचं? म्हटलं, एवढ्यातेवढ्यासाठीच. तो कुरकुरत बसला. मी समोर उभी राहिले, पूर्ण होईपर्यंत.

१३ मार्च, गुरुवार

रंग झाला, पडदे लागले. दादा ‘सहज’ येऊन गेला. प्रत्येक गोष्टीवर टकटक करून पाहिलं, जसा काही नारळच घ्यायला आलाय. दवाखान्यात आल्यासारखं वाटतं म्हणे. मग जाताजाता, "खर्च चांगला केलास, मालकीणबाई. आम्हालाच उपयोगी पडेल."

बिजागरीत तेल घालत होते, तेच घालत राहिले.

१५ मार्च, शनिवार

आज तीन जोडपी येऊन गेली. तिन्ही जोडप्यांना घर आवडलं. तिन्ही नको म्हणाली!

पहिल्यातली बाई आत आली, खुर्चीवर बसली, खूश झाली. नवरा दाराशीच उभा. तिने म्हटलं बस ना, तर त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि भिंतीला टेकला. दुसऱ्यातला नवरा बसला तेव्हा बायको उभी. तिसरी दोघं उभीच.

एजंटाचं प्रत्येक वाक्य ‘बघा मॅडम’ने सुरू होतं. सगळे गेल्यावर तो म्हणाला, "बघा मॅडम, तुम्ही घर एका माणसाचं केलंय. दुसऱ्याने कुठे जायचं?"

मी म्हटलं, काहीतरीच. मग तो गेल्यावर पाहिलं. पलंग – एकाचा. खुर्ची – एक. दाराशी खुंटी – एक. वाचायचा दिवा – एक. आरशात उंच माणसाची मान कापली जाते.

ठरवून केलं नव्हतं. ऑफिसात नकाशाच्या पहिल्या ओळीत चालकांची संख्या लिहावी लागते. आमच्या प्रत्येक यंत्राला चालक एकच असतो. हात सवयीने तेच लिहून गेला असणार, आणि पुढचं सगळं त्याच्या मागोमाग. इतके दिवस मी हे घर फिरून फिरून पाहिलं, एकदाही खटकलं नाही.

१६ मार्च, रविवार

सुतार म्हणतो, मोठा पलंग बसवू, टेबल काढू, दोन दिवसांचं काम. एजंट म्हणतो, तेच करा.

नाही करणार. चूक झाली खरी, पण चुकीचं घर नाही झालं. जगात एकटी माणसं राहतात की नाही? त्यांना काय नेहमी दुसऱ्याच्या घरातला कोपराच मिळावा?

एजंटाला सांगितलं, जाहिरातीत स्पष्ट लिहा – एकाच माणसासाठी. त्याने हात टेकले. एकटे लोक टिकत नाहीत मॅडम, आज इथे उद्या तिथे. आणि इमारतीतले लोकही भुवया चढवतात. म्हटलं, चढवू देत.

१९ मार्च, बुधवार

एक निवृत्त शिक्षिका. फार आवडलं तिला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे तयार नाहीत. जिने उतरताना प्रत्येक पायरीवर हळहळली.

२० मार्च, गुरुवार

एक तरुण. म्हणाला मी एकटाच. शेवटी विचारलं, मित्र अधूनमधून आले तर? किती मित्र? चार. किती अधूनमधून? रोज.

घरी दादाने जेवताना विचारलं, काय म्हणतात तुझे भाडेकरू? बाबा भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघून हसले.

२२ मार्च, शनिवार

आज वहिनी आली. दादाने पाठवली होती – त्यांचा मोठा पलंग आणि कपाट खोलीत बसतं का, ते मोजायला. म्हणजे यांची तयारी सुरू! माझं डोकं फिरलं होतं, पण टेप तिच्याच हातात दिली. म्हटलं, मोज.

वहिनी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दुकानातून थेट आली होती. मला ती चिडवायला ‘वन्सं’ म्हणते, जुन्या नाटकातल्यासारखं. "वन्सं, तुमच्या राज्यात पाणी मिळेल का?" पाणी दिलं. ती खुर्चीवर बसली. न बघता हात लांब केला आणि दिवा लावला. मग विझवला. परत लावला.

मोजायला पाच मिनिटं पुरली असती. ती बराच वेळ थांबली. बाल्कनीचं दार लावलं की रस्त्याचा आवाज येतो का, विचारलं. मी लावून दाखवलं. नाही येत. ती तशीच उभी राहिली, ऐकत – म्हणजे काहीच न ऐकत.

मग एकदम विचारलं, "किल्ल्या किती?"

"दोन. दोन्ही भाडेकरूकडे."

"आणि मालकिणीच्या भावाने मागितली तर?"

"मालकिणीकडेच नसेल तर देईल कुठून?"

ती हसली. वहिनी हसताना एरवी तोंडावर हात धरते. आज धरला नाही.

काही झालं तरी ती दादाचीच हेर. जास्त बोलायला नको होतं.

२३ मार्च, रविवार

वहिनीने सगळ्यांसमोर सांगितलं – पलंग बसत नाही. बसवला तर न्हाणीघराचं दार उघडणार नाही. दादा म्हणाला, मग पलंग विकू, जमिनीवर गाद्या घालू. तिला काय, कुठेही झोप लागते.

वहिनीने भात वाढून घेतला.

२४ मार्च, सोमवार

ऑफिसातून तडक तिकडे गेले आणि स्वतः मोजलं. दोनदा.

पलंग बसतो! दार पूर्ण उघडतं, वर चार सेंटिमीटर राहतात.

जी बाई दोन बुबुळांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरने चुकू देत नाही, ती पलंग चुकली? विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. कुणी माझ्या फायद्याचं खोटं बोललं तर त्याचं काय करायचं, हे मला माहीत नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही.

२७ मार्च, गुरुवार

एजंटाचा फोन. एक जोडपं तयार आहे, अगदी नक्की. चांगली माणसं, दोघांची नोकरी, उद्या सही करतील. अट एकच – पलंग मोठा हवा आणि टेबल काढायचं.

म्हणजे जिंकलेच की. किल्ली वाचली. सुताराला फोन लावला, तो म्हणाला येतो. मग तिकडे जाऊन त्या खुर्चीवर बसून राहिले. येईल त्याच्यासाठी थोडं सरकायचं, थोडं काढायचं, थोडं वाढवायचं – हेच करायचं असेल तर दादाने काय घोडं मारलंय? घरात मी जन्मभर तेच पाहिलंय. आई सरकली. वहिनी सरकते. आत्या तेवढी सरकली नाही, म्हणून ती विक्षिप्त.

सुताराला नको म्हणून कळवलं. एजंटालाही. "बघा मॅडम," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच वाक्य तिथेच सोडून फोन ठेवला.

मूर्खपणा असेल. असू दे. हरायचंच असेल तर माझ्या नकाशासकट हरेन.

२९ मार्च, शनिवार

दादाने खोकी आणली. दिवाणखान्यात रचून ठेवली आहेत, माझ्या येण्याजाण्याच्या वाटेत. बाबांनी फक्त आठवण करून दिली, सोमवारी महिना संपतो. शब्द दिला होतास. हो, म्हटलं, दिला होता. पाळेन.

आई माझ्यामागे खोलीत आली. "किती ताणशील गं?" म्हणाली. "तुटलं तर तुझंच तुटेल." मी म्हटलं, माझंच आहे म्हणून तर ताणतेय. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. ती रागावली असती तर सोपं गेलं असतं.

३० मार्च, रविवार

कुणी आलं नाही. फरशी पुसली. खिडक्या पुसल्या. पुसण्यासारखं काही उरलं नाही.

मला रडू येत नाही, हे लिहून ठेवते. राग येतोय. उद्या किल्ली देईन तर ताठ मानेने देईन, आणि दादाने टेबलाला हात लावला तर –

पुढचं उद्या.

३१ मार्च, सोमवार

सकाळी ऑफिसआधी आत्याच्या घरी गेले होते, तर दार वाजलं. वहिनी, हातात एकच बॅग. म्हणाली, जाहिरात वाचून आलेय.

खुर्चीवर बसून तिने सगळा करार वाचला, एकही ओळ न गाळता. भाडेकरूच्या नावापुढे माहेरचं नाव लिहिलं. सही केली.

घरी काय सांगू, विचारलं.

"भाडेकरू मिळाली, एवढं तू सांग," ती म्हणाली. "कोण, ते मी सांगते."