‘वाया’ लिहिलेलं रीळ

८ फेब्रुवारी

चि. गुंड्यास,

अनेक आशीर्वाद. तू आजोबा झालास तरी गुंड्याच राहशील, थोरल्या बहिणीचा हा हक्क मी सोडणार नाही.

वि. वि. बाबा गेल्यावर आपण किती न्यायाने वाटणी केली! प्रोजेक्टर मला, रिळं तुला. दोघा शहाण्यांनी कात्री वाटून घ्यावी, एक पातं तुझं, एक माझं, तशी. आता आईची नजर झपाट्याने कमी होते आहे. जे दाखवायचं ते लवकर दाखवा, असं डोळ्यांचे डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले. त्याबद्दल मी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं. तुझा लेक म्हणे रिळं फोनवर उतरवून देणार. त्याला सांग, आजीला तळहाताएवढं काही दिसत नाही. भिंतीएवढं असलं तर थोडं दिसतं.

म्हणून यंत्र उघडलं. आतले दोन्ही पट्टे, मोटरवरचा आणि रीळ गुंडाळणारा, विरघळून डांबर झाले होते. दुपारभर काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने चाकं पुसत बसले. पण काय यंत्र आहे रे! इतकी वर्षं पडून राहिलं, तरी बोटाने फिरवलं की लोण्यासारखं फिरतं. ज्याने घडवलं त्याचे हात बघायला हवे होते. नवे पट्टे मीच घालते. तू रिळं पाठव.

रागावलेली, तरी तुझीच,
आक्का

१५ फेब्रुवारी

ती. आक्कास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. कात्रीपाशी ही इतकी हसली की चहा माझ्या अंगावर.

तू या वयात यंत्र उघडून बसलीस, याला माझा सलाम. पण रिळं पाठवायला जीव धजत नाही. पट्टा घसरून फिल्म दिव्यासमोर थांबली तर जागीच करपते. त्या भीतीने बाबा आपल्याला यंत्राजवळ फिरकू द्यायचे नाहीत. म्हणून आधी एकच पाठवतो. त्याच्या डबीवर बाबांनीच ‘वाया’ लिहिलं आहे. जळलं तर कुणी रडायचं नाही. ते नीट चाललं की बाकीची मी स्वतः घेऊन येतो.

एक मात्र आईला आधीच सांग. बाबा कुठल्याच रिळात नाहीत. कॅमेरा त्यांनी कधी दुसऱ्याच्या हातात दिला का? उगाच आस लावून बसायला नको.

डोक्यावरचा हात तसाच असू दे.
गुंड्या

२३ फेब्रुवारी

चि. गुंड्यास,

अनेक आशीर्वाद. आईला सांगितलं. ती नुसतं बरं म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तुझ्या निरोपाबद्दल आभार!

पट्ट्यांसाठी रबरासारखी गोल दोरी आणली. चाकांभोवती दोरा फिरवून माप घेतलं, बरोब्बर तेवढीच कापली, टोकं तापल्या सुरीला टेकवून जोडली. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलंय, माप म्हणजे माप. सांधा बोटाला कळत नाही. आणि तरीही मोटर आपली गरगरते, बाकी सगळं ढिम्म! आई तेवढ्यात म्हणाली, घसरतोय गं, दिवा घालव. नुसत्या आवाजावरून! डोळ्यांनी राजीनामा दिला तर कानांनी त्यांचंही काम अंगावर घेतलंय, धन्य ती बाई. मी बटण दाबेपर्यंत सुरुवातीची एक चौकट करपलीच. दोरीच भिकार आहे. उद्या दुकानदाराला धारेवर धरते.

कळावे, आणि कळवावेही.
आक्का

२ मार्च

ती. आक्कास,

सा. न. वि. वि. त्या दुकानदाराला सोड. शाळेच्या कवायतीत माझी चड्डी सगळ्यांदेखत खाली आली होती, आठवतं? तिच्यात लास्टिक तू भरलं होतंस. कंबर मोजून, बरोब्बर तेवढंच! अगं, लास्टिक कमरेपेक्षा आखूड असलं तरच धरून राहतं. पट्ट्यांचंही तेच. अंगठ्याच्या पेराएवढे आखूड करून बघ.

सांधा मात्र तुझ्यासारखा मला जन्मात जमला नसता.

हसलीस तर कळव.
गुंड्या

११ मार्च

चि. गुंड्यास,

अनेक आशीर्वाद. हसले. आईही हसली, तुझी ती चड्डी तिला चांगली आठवते.

पट्टे आखूड केले. यंत्र असं एका सुरात चालू लागलं की आईने ऐकूनच मान डोलावली. भिंतीवर मैदान आलं, आपण दोघं धावत होतो. आईला आपण दिसलो नाही. ती म्हणाली, नुसतं पांढरं हलतंय. मग कॅमेरा खाली वळला. ऊन बाबांच्या पाठीशी असणार. गवतभर त्यांची लांबलचक काळी सावली पडली होती. कोपर वर, टोपी तिरकी. चित्रात सावली आली म्हणूनच ते रीळ वाया!

आई म्हणाली, हे आलेत.

तिला चेहरे दिसत नाहीत रे, पण उजेडातलं एवढं काळं दिसतं. ती उठली आणि भिंतीकडे चालत गेली, थेट प्रकाशात. मध्ये कुणी उठलं की मी किती ओरडते, तुला माहीत आहे. मी यंत्र तसंच चालू ठेवलं. भिंतीवर तिची सावली त्यांच्या सावलीशेजारी उभी राहिली, रीळ संपेपर्यंत.

चांगली रिळं सावकाश आण. आधी घर पालथं घाल, आणि ‘वाया’ लिहिलेली असतील तेवढी सगळी घेऊन लगेच नीघ.

वाट बघते. आईही बघते आहे.
आक्का