कमानीवरची दुसरी ओळ

ओजिमा, टोकियो
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप गुणवंतकाका,

साष्टांग नमस्कार. काकूंचा गुडघा आता कसा आहे? इथं आम्ही तिघं बरे आहोत. थंडी सुरू झाली. मैथिली हल्ली घरातही जपानीतच उत्तरं देते, त्यावरून दीप्ती तिच्यावर चिडते आणि मी हसलो की माझ्यावर.

पत्र बघून म्हणाल, याचा फोन बिघडला की काय! फोन ठीक आहे. पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, आणि घरच्या ग्रुपवर टाकलं तर तासाभरात गावभर होईल.

सव्वीस जानेवारीला गावात आजोबांच्या नावाच्या कमानीचं उद्घाटन आहे, तिच्यावर लावायला त्यांचा जपानमधला फोटो शोध, असं तुम्ही दिवाळीत सांगितलंत. तो मिळाला. ऑफिसातल्या मोरीसानचं माहेर पश्चिमेकडे समुद्रकाठी आहे. तिथल्या छोट्या संग्रहालयात भारतीय सैनिकांचे जुने फोटो आहेत, असं त्या सहज बोलून गेल्या. गेल्या सोमवारी सुट्टी होती, तेव्हा आम्ही तिघंही जाऊन आलो.

फोटो सुरेख आहे, काका. बावीस वर्षांचे आजोबा, छाती काढून उभे. डाव्या भुवईतली ती खाचसुद्धा तश्शीच. मागे इंग्रजीत नाव आहे, दौलत गणू. मला तिथंच चारचौघांत रडू आलं.

मग मैथिलीने फोटोखालची जपानी ओळ वाचून दाखवली. ब्रिटिशांच्या ताबा फौजेतली मराठा पलटण, १९४६.

जपान हरला १९४५ साली. आझाद हिंद सेनाही तेव्हाच संपली. आजोबा इथं आले ते त्यानंतर, ब्रिटिशांच्या पलटणीतून, हरलेल्या लोकांवर पहारा द्यायला. गावी परतल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं असणार की मी जपानला होतो. जपान म्हटल्यावर पुढची आझाद हिंद सेना गावाने आपणच जोडली.

मैथिलीने वर्गात सांगून ठेवलंय की माझे पणजोबा जपानच्या बाजूने लढले. परतीच्या गाडीत तिने विचारलं, "बाबा, आता टीचरना काय सांगू?"

स्वातंत्र्यसैनिकाचा दाखला तुम्ही काढलात तेव्हा तुम्हाला काय ठाऊक होतं, हे मी विचारणार नव्हतो. पण विचारतोच. ठाऊक होतं का, काका? दर पंधरा ऑगस्टला सत्काराच्या वेळेला आजोबांचं पोट दुखायचं. म्हातारा लाजतो म्हणून आपण हसायचो.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. इंजिनिअरिंगची माझी जागा त्याच दाखल्यावरची. गुण कमी पडले होते, स्वातंत्र्यसैनिकाचा नातू म्हणून नंबर लागला. ती जागा कुणाची तरी होती, माझी नव्हती. माझी नोकरी, हे घर, मैथिलीची शाळा, सगळं त्यावरच उभं आहे. अर्जावर सही घ्यायला मीच आजोबांकडे गेलो होतो. बराच वेळ त्यांनी पेन नुसतं हातात धरलं. मग सही केली आणि म्हणाले, "पोरा, म्या पलटण कधी सोडली न्हवती."

मला वाटलं, वय झालं, काहीतरी बोलतायत. मी घाईत होतो, कागद घेऊन पळालो. काल संग्रहालयाने दिलेली फोटोची प्रत समोर ठेवून बसलो तेव्हा त्या बोलण्याचा अर्थ लागला. ज्या पलटणीचं मीठ खाल्लं ती त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही, आणि आपण त्यांना पलटण सोडून गेलेला माणूस करून ठेवलं. ते बरोबर होते की चूक, हे मला ठरवता येत नाही. पण त्यांचं जे होतं ते त्यांचं होतं. माझ्यासाठी त्यांनी तेही दिलं.

कमान होऊ द्या. नाव राहू द्या. नावाखालची 'आझाद हिंद सैनिक' ही ओळ मात्र काढा आणि 'मराठा पलटण' लिहा.

तुम्ही हे पत्र फाडून टाकाल असं मला वाटलं. म्हणून फोटोची आणि या पत्राची एकेक प्रत मी आजच सरपंचांनाही पाठवतो आहे. माझ्या जागेविषयी कॉलेजलाही कळवलं आहे. दीप्तीला मात्र अजून सांगितलेलं नाही.

काकूंना नमस्कार सांगा. माझ्याशी बोलणं टाकलंत तरी सोबत पाठवलेला फोटो घरात लावा.

तुमचाच,
पण शिपाई दौलत गणू यांचा नातू,
सुशील