जुन्या मशीनवरची यांची बटणं

सोम., २ फेब्रु.
कॉम्प्युटरचं मशीन आज चारदा अडकलं. चौथ्या वेळेला मी त्याला खानदानासकट शिव्या घातल्या. हे शेजारी खुर्चीत. लकव्यापासून यांची अर्धीच बाजू हसते, तेवढी हसली. मग डाव्या हाताने एफ-३ दाबलं. पडद्यावर उमटलं, 'कृपया आहेर आणू नये'.
म्हणजे, पुरे कर.
लग्नपत्रिकेची ठरलेली वाक्यं, कामाचा वेळ वाचावा म्हणून यांनीच कधीकाळी बटणांवर बसवली होती. आता त्याच बटणांवर आमचा संसार चाललाय. एफ-२ 'अगत्य येण्याचे करावे' ही मला हाक. एफ-५ 'स्वरुची भोजन' म्हणजे भूक. एफ-७ 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' म्हणजे स्वारी खुशीत आहे. एफ-८ 'आपले विनीत' म्हणजे आजचं बोलणं संपलं. बाकी सगळं एकेक अक्षर, एका हाताने. जीभ वळत नाही, उजवा हात गेला, पण डोकं शाबूत आहे आणि डाव्या हाताला हा की-बोर्ड पाठ आहे. त्याच हातात पेन दिलं तर लिहिलेलं यांचं यांनाच लागत नाही.

बुध., ४ फेब्रु.
पालीचे बाबासाहेब आले. मुलाचं लग्न. मेंढरांचा मोठा कळप, त्याहून मोठं खटलं. नावांची यादी पुतणीने मोबाईलवर फाईल करून दिलेली. आमच्या मशीनमध्ये उघडली नाही. नुसत्या चौकटी. शेवटी त्यांचाच मोबाईल पुढ्यात ठेवला आणि पडद्यावर बोट सरकवत सरकवत नावं उतरवली. या लग्नसराईतलं कितवं गिऱ्हाईक असं, मोजायचं सोडून दिलंय.
बाबासाहेब म्हणाले, 'वहिनी, कावून इतकं जुनं ठिवलंय हे? बीडात तर बोललं की आपोआप टाईप व्हतंय.'
मी म्हणाले, 'आमच्यात बोलतच नाही कुणी.'
बोलून गेले. मग यांच्याकडे बघवेना.

गुरु., ५ फेब्रु.
पालीच्या पत्रिकेचं प्रूफ काढलं. यांचा नियम जुना. कागद छपाईला बीडला जायच्या आधी प्रत्येक नाव यांच्या बोटाखालून गेलं पाहिजे. आधी कैलासवासी, मग थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. आज मला घाई, दोनची एस.टी. गाठायची होती. कागद यांच्यापुढे धरला न धरला. यांचं सुरू झालं, एफ-३, एफ-३. 'कृपया आहेर आणू नये' ने पडदा भरला. सकाळी गोळीवरून आमचं वाजलं होतं, मला वाटलं तेच. मग 'थां' एवढं टाईप केलं आणि मशीन जागच्या जागी गोठलं.
'गोळी घ्यावीच लागेल, नाटकं नकोत,' मी म्हणाले आणि सरळ प्लग काढला. गाडी मिळाली.
संध्याकाळी हे जेवले नाहीत. नाही तर नाही.

रवि., ८ फेब्रु.
महारुद्र आला, बीडहून मोटारसायकलवर. आमचं मशीन बिघडलं की हाच. मशीनला कान लावून बसला. आतून कटकट येतेय. मान हलवली.
'वहिनी, ही हार्ड डिस्क आता पाव्हणी हाय. बदलून टाका. नवी विंडोज मारू.'
'जुनीच परत नाही का टाकता येणार?'
'टाकली तरी तुमची चावी चालायची न्हाई. ती ह्याच डिस्कला बांधल्याली हाय.'
चावी म्हणजे टायपिंगच्या प्रोग्रॅमची, मशीनच्या पाठीत खुपसलेली. ती नसली तर प्रोग्रॅम नाही, प्रोग्रॅम नसला तर यांची बटणं नाहीत. प्रोग्रॅमवाल्यांचा नंबर जुन्या पावतीवर सापडला. लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही.
'आणि काहीच केलं नाही तर?'
'तर ज्या दिशी बसंल त्या दिशी समदंच जाईल. फाईली बी, बटनं बी. आज काढल्या तर फाईली तरी वाचतील.'
म्हणजे नवी टाकली तर बटणं आज जाणार, नाही टाकली तर उद्या. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. आडात निदान पाणी तरी असतं.
हे सगळं ऐकत होते. महारुद्र निघाला तेव्हा यांनी एफ-२ दाबलं. मी तर शेजारीच उभी होते.

बुध., ११ फेब्रु.
महारुद्रने त्याचा लॅपटॉप एका दिवसासाठी ठेवलाय. नवी विंडोज. टाईपरायटरचा की-बोर्ड बसवून दिला, आमची वाक्यंही बटणांवर चढवली, भला माणूस. 'शिकतेल की दादा,' म्हणाला, 'लेकरं शिकत्यात.'
हे रोज सकाळी आधी माझं नाव टाईप करतात. सुमन. लग्नाला इतकी वर्षं झाली, तोंडाने कधी घेतलं नव्हतं, आता देवाच्याही आधी घेतात. लॅपटॉपवर तेच लिहायला गेले. उमटलं भलतंच. अक्षरं तीच म्हणे, जागा जराशा हललेल्या. पुन्हा लिहिलं. पुन्हा भलतंच. तिसऱ्यांदा बोट खाली आलंच नाही, वरच राहिलं. मग उजवा हात मांडीवर पडलेला असतो, त्याच्या शेजारी यांनी डावाही नेऊन ठेवला.
मी चहा करायला आत गेले. चहा करायचा नव्हता.

शनि., १४ फेब्रु.
तीन दिवस यांनी की-बोर्डला हात नाही लावला. जुन्यालाही नाही. भूक लागली तरी बोलवत नाहीत, मीच अंदाजाने ताट आणते. घरात एवढी शांतता मला मानवत नाही. भांडायला समोर कुणी तरी लागतं माणसाला.

रवि., १५ फेब्रु.
महाशिवरात्र. जुनं मशीन पुसून यांच्यापुढे चालू करून ठेवलं आणि हात जोडले. मी म्हणाले, 'अगत्य येण्याचे करावे.' यांनी आधी बटणांवरून बोट फिरवलं. मग एफ-५. 'स्वरुची भोजन'.
'उपास आहे आज,' मी ओरडले. 'भगर मिळेल.'
एफ-३.
रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. भगर खाल्लीच यांनी शेवटी, दोनदा घेतली.

मंगळ., १७ फेब्रु.
बाबासाहेब आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. छापलेली पत्रिका टेबलावर ठेवली.
'वहिनी, आमच्या थोरल्या आण्णाचं नावच न्हाई की ह्याच्यात.'
आण्णा म्हणजे बाबासाहेबांचे सगळ्यात थोरले भाऊ. दिवाळीपासून मेंढरं घेऊन बाहेर होते, लग्नासाठी म्हणून परत आले. पत्रिका वाचून घेतली. पुन्हा एकदा वाचायला लावली. घोंगडी उचलली आणि मेंढरांकडे निघून गेले.
'दोगंतिगं गेलतो आणायला. येत न्हाई म्हणला. वाट चुकल्याल्या माणसाला कशाला बोलावता, म्हणला.'
मोबाईलवरची यादी परत उघडायला लावली. आण्णा पहिल्याच ओळीत. बोट सरकवताना ती ओळ वर निघून गेली असणार, मी दुसरीपासून उतरवलं. झालं ते एवढंच.
माफी मागितली. बाबासाहेब म्हणाले, 'तुमी तरी काय करताल.' त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुध., १८ फेब्रु.
सकाळी यांना विचारलं. 'त्या दिवशी एफ-३ चाललं होतं, ते गोळीसाठी नव्हतं ना?'
यांनी एक जुनी फाईल उघडली. बाबासाहेबांच्या मुलीच्या लग्नाची, सात-आठ वर्षांपूर्वी यांनीच जुळवलेली. निमंत्रकांत पहिलं नाव आण्णांचं. त्यावर बोट ठेवलं. मग नवीन पान काढून एकेक अक्षर लिहिलं, 'थांब म्हणत होतो.'
मी प्लग काढला होता. मशीनला बोल लावायला मला आवडलं असतं, पण मशीनने 'थां' पर्यंत तरी सांगितलं होतं. पुढचं मला कळायला हवं होतं. एवढ्या वर्षांत यांनी एका घरातलं एक नाव गाळलं नाही, आणि मी पहिलंच गाळलं.
यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला. मला तो नको होता, पण काढलाही नाही.

शुक्र., २० फेब्रु.
दिवसभर कुणी फिरकलं नाही. ऐन लग्नसराई. बातमी पालीहून आमच्या नेकनूरला यायला वेळ लागत नाही. ज्यांच्या घरच्या पत्रिका आम्ही तीन-तीन पिढ्यांच्या केल्या, ते बीडची गाडी धरतायत. त्यांचं तरी काय चुकलं.
डिस्क आता कटकट करत नाही, कण्हते.
महारुद्रचा फोन. 'रविवारी येतो. हां म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा वहिनी, पर उद्या सांजच्याला सांगा. लई दिस न्हाईत तिला.'

शनि., २१ फेब्रु.
दुपारी चारला यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. म्हटलं, आता तुम्हीच सांगा. डोकं तुमचं, मशीन तुमचं, माझं नुसतं तोंड.
यांनी लिहायला घेतलं. मध्ये मशीन दोनदा अडकून सुटलं. 'नवी टाक.' मग खाली, 'परत कुणाचं नाव जायला नको.' एवढ्याला अर्धा तास लागला. कपातला चहा गार झाला.
हेच म्हणणार, हे मला माहीत होतं. तरी वाटत होतं, एफ-३ दाबतील.
मी म्हणाले, 'आणि तुम्ही? तुम्ही माझ्याशी कशाने बोलाल?'
हात की-बोर्डवर गेला. 'तू' उमटलं. आणि मशीन गोठलं.
यांचं बोट चालूच होतं. एकेक बटण, शोधून नव्हे, पाठ असल्यासारखं. एक ओळभर तरी लिहिलं असेल. पडद्यावर काहीच येत नव्हतं. मग थांबले आणि माझ्याकडे बघितलं, वाचलंस ना, अशा नजरेने.
माझा हात सवयीने प्लगकडे गेला. मागे घेतला.
आता साडेसहा वाजलेत. पडद्यावर अजून 'तू' आहे, आतल्या डिस्कचा आवाज बंद झालाय. मोबाईलवर महारुद्रचे दोन फोन येऊन गेले. उचलले नाहीत. यांनी अजून एफ-८ दाबलेलं नाही, यांचं बोलून होऊ दे आधी.